बिनकागदाचं इंजिन

गाडी चोरीला गेली की पोलिसांत तक्रार होते, विमा कंपनीला कळवलं जातं आणि नाक्यानाक्यावर नंबर प्लेटचा शोध सुरू होतो. पण चोरलेली गाडी पुष्कळदा गाडी म्हणून रस्त्यावर परत येतच नाही. ती कटिंगला जाते. दरवाजे, बोनेट, सीट, गिअरबॉक्स वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात आणि उरलेला पत्रा वजनावर विकला जातो. यातला सगळ्यात किमती नग म्हणजे इंजिन, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसतं. त्या गाडीचा मालक सरळ माणूस असतो, मिस्त्री ओळखीचा असतो, दुकानदारही बाजारात वर्षानुवर्षं बसलेला असतो. विचारलं तर प्रत्येक जण सांगतो की मी माझं काम केलं, बाकीचं मला ठाऊक नाही.

यातलं पुष्कळसं खरंही असतं, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. चोराला शिक्षा व्हावी याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चोर आणि शेवटचा गिऱ्हाईक यांच्यामधल्या लोकांबद्दल. त्यांच्यापैकी कुणी काय तपासायला हवं होतं? न तपासल्याची किंमत कुणी मोजायची? आज ती बहुतेक वेळा शेवटचा माणूस मोजतो, कारण नाव आणि पत्ता असलेला कागद फक्त त्याच्याकडे असतो.

मागणी खरीखुरी आहे

इंजिन बदलण्यात मुळात गैर काही नाही. कूलंट संपलं किंवा ऑइल पंप गेला की इंजिन सीज होतं, टायमिंग बेल्ट तुटला तरी ते निकामी होऊ शकतं. पाण्यात अडकलेली गाडी घाईने स्टार्ट केली तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईतल्या गॅरेजवाल्यांना हे नव्याने सांगायची गरज उरली नाही. अशा वेळी मालकापुढे तीन वाटा असतात. कंपनीचं नवं इंजिन घ्यायचं, तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. आहे ते खोलून रिबोअर करायचं, तर गाडी कित्येक दिवस गॅरेजात अडकते आणि काम चांगलं होईल याची हमी नसते. तिसरी वाट म्हणजे चालू स्थितीतलं सेकंडहँड इंजिन आणून बसवायचं. टॅक्सीवाला किंवा टेम्पोवाला तिसरीच वाट धरतो, कारण उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही.

मागणी कोणत्या इंजिनाला जास्त, हे गाड्यांच्या इतिहासावर ठरतं. मारुती ८०० आणि ओम्नी यांत एकच ७९६ सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे एकीचं इंजिन दुसरीत चालवून घेणं मिस्त्रींच्या हातचा मळ होता. पुढच्या पिढीत हीच जागा फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल इंजिनाने घेतली. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून ते फियाटच्या आणि टाटाच्या गाड्यांत गेलं. मारुतीने परवान्याखाली तेच इंजिन बनवून स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगामध्ये बसवलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या विकणंच थांबवलं. लाखो गाड्या रस्त्यावर राहिल्या आणि त्यांच्या इंजिनाचा नवा पुरवठा आटला. जुन्या इंजिनाचा भाव अशा वेळी चढतो, आणि भाव चढला की चोराची नजरही तिकडे वळते.

माल कुठून येतो

सेकंडहँड इंजिनांचा मोठा भाग सचोटीच्या वाटेनेच येतो. अपघातात चेसिस वाकलेली पण इंजिन शाबूत असलेली गाडी विमा कंपनी टोटल लॉस ठरवते आणि तिचा सांगाडा लिलावात जातो. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि चालू स्थितीतल्या कितीतरी गाड्या मोडीकडे वळल्या. दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या बाजारांत असा माल उतरतो. या सगळ्यांना चोरबाजार म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. तिथले कारागीर मोडीतून जे वाचवतात, त्यावर हजारो जुन्या गाड्या चालतात.

मात्र त्याच रांगेत मीरतचं सोतीगंजही होतं. चोरीच्या गाड्यांच्या कटिंगसाठी ते नाव देशभर कुप्रसिद्ध होतं. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तिथे गँगस्टर कायद्याखाली मोठ्या व्यापाऱ्यांच्या मालमत्ता जप्त केल्या, डिसेंबरात बाजार बंद पडला, आणि त्याच महिन्यात शाहजहांपूरच्या जाहीर सभेत पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. पण एका गल्लीची शटर खाली ओढल्याने जुन्या इंजिनाची मागणी कमी होत नाही. पुरवठा दुसरी जागा शोधतो.

चोरीचा माल धुऊन काढायच्या रीती दोन. पहिलीत टोटल लॉस गाडीचा सांगाडा निव्वळ कागदांसाठी विकत घेतला जातो. त्याच मॉडेलची गाडी चोरायची, तिच्यावर मेलेल्या गाडीचा चेसिस नंबर चढवायचा आणि आरसीसकट विकायची. दुसरी रीत इंजिनाची. ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासून नवा पंच करतात, किंवा तेवढीही तसदी न घेता आहे तसं विकतात. कारण तो नंबर बघतो कोण? कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, हवालदार आरसी बघतो. बोनेटखाली, ग्रीस आणि धुळीच्या थराआड, गिअरबॉक्सच्या जोडाशेजारी असलेले आकडे रस्त्यावर कुणी वाचत नाही. खासगी गाडीच्या बाबतीत ते वाचले जाण्याची वेळ गाडी दुसऱ्याच्या नावावर होताना किंवा पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना येते. तोवर विकणारा आठवतही नसतो.

घासलेला नंबर कायमचा गेला असं मात्र नाही. पंच मारताना धातू आकड्याच्या खालपर्यंत दाबला जातो. वरचा थर घासून गुळगुळीत केला तरी खालचा दाब राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी आम्ल लावलं की दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या गतीने झिजतो आणि आकडे पुन्हा उमटतात. लोखंड-पोलादासाठी आणि ॲल्युमिनियमसाठी रसायनं वेगळी असतात. लेझरने कोरलेला नंबर उथळ असल्याने तो परत मिळवणं जास्त कठीण जातं. पण हे सगळं संशय आल्यानंतरचं काम आहे. संशय यायला आधी कुणीतरी बोनेट उघडून बघावं लागतं.

कायदा कुठे बोलतो, कुठे गप्प बसतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांचं आहे. आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, हा मूळ नियम. परवानगीविना इंजिन बदललं गेलं असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आधी परवानगी न घेता बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसी परत करायची असते. टोटल लॉसचे कागद बाजारात फिरतात, ते हे कलम पाळलं न गेल्यामुळेच.

चोरीचा माल घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. जुन्या दंड संहितेचं ४११ त्यात आलं. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, माल घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्या ताब्यात सापडला आणि ज्याला तो कुठून आला हे सांगता येत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढायची मुभा पुरावा कायदा न्यायालयाला देतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ आणखी एक पाऊल पुढे जातं. चोरीचा असावा असं वाटण्याजोगा माल ताब्यात असून त्याचा समाधानकारक खुलासा न करणं हाच तिथे गुन्हा आहे.

हे सगळं असूनही खटले ढिले पडतात ते ‘माहीत असून’ या अटीपाशी. माल चोरीचा होता, तो आरोपीच्या ताब्यात होता आणि चोरीचा असल्याची जाणीव त्याला होती, हे तिन्ही सरकार पक्षाने सिद्ध केलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच त्र्यंबक खटल्यात म्हटलं. फौजदारी कायद्यात ते योग्यच आहे. पण त्यामुळे धंद्यात न विचारण्याला बक्षीस मिळतं. ज्याने काहीच विचारलं नाही, त्याला काहीच माहीत नव्हतं.

दिवाणी बाजू उलटी आणि कडक आहे. वस्तूविक्री कायदा, १९३० च्या कलम २७ नुसार विकणाऱ्याकडे जितका हक्क, तितकाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे हक्क शून्य, म्हणून त्याच्यापासून सुरू झालेल्या साखळीत शेवटपर्यंत शून्यच. इंग्लंडमध्ये उघड्या बाजारात प्रामाणिकपणे घेतलेल्या वस्तूला संरक्षण देणारी एक जुनी रीत होती, तीही १९९४ मध्ये रद्द झाली. तेव्हा ‘मी भर बाजारातून, सगळ्यांदेखत घेतलं’ हा बचाव ना इथे टिकतो, ना तिथे. पण घेणाऱ्याला दुसरं हत्यार मिळतं. कलम १४ प्रमाणे प्रत्येक विक्रेता आपल्याला विकायचा हक्क आहे अशी हमी न बोलताच देत असतो. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये १९२३ साली रोलँड विरुद्ध डिव्हॉल या खटल्यात, काही महिने वापरलेल्या चोरीच्या मोटारीची पूर्ण ३३४ पौंड किंमत विक्रेत्याला परत करावी लागली. म्हणजे ज्याच्या गाडीतून पोलीस इंजिन उतरवून नेतील, तो दुकानदाराकडे पैसे मागू शकतो. अट एकच, की दुकानदाराने बिल दिलेलं असलं पाहिजे.

आणि इथेच सगळं अडतं. आरसी हा गाडीचा सातबारा. पण सातबाऱ्यावरची विहीर उचलून दुसऱ्याच्या शेतात नेता येत नाही, इंजिन नेता येतं. ते गाडीतून सुटलं की त्याचे कागद मागे राहतात. भंगारात ‘मल्टिजेट, हाफ इंजिन’ एवढंच त्याचं नाव उरतं. कंपनीच्या नव्या इंजिनाचं बिल घेऊन आरटीओत गेलं तर नोंद सोपी. जुन्याचं नंबरासकट बिल कुणी द्यायचं? ते मिळत नाही, म्हणून मालक नोंदच करत नाही. परिणाम असा की सरळ मार्गाने आलेलं आणि चोरीचं, दोन्ही इंजिनं कागदावर सारखीच गैरहजर असतात. चोराला लपायला यापेक्षा चांगली गर्दी कुठे मिळणार?

साखळीतले पाच जण

गाडी मोडणारा पहिला. अख्खी गाडी त्याच्या दारात येते, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एकाच वेळी बघू शकणारा तो एकटाच. २०२१ च्या स्क्रॅपिंग नियमांनी नोंदणीकृत केंद्रांवर ही जबाबदारी स्पष्टपणे टाकली आहे. मोडण्याआधी गाडी चोरीच्या नोंदींशी ताडून बघायची, चेसिस नंबराचा तुकडा कापून जपून ठेवायचा, मालकाला प्रमाणपत्र द्यायचं. प्रश्न आहे तो नोंदणीबाहेर चालणाऱ्या कटिंगचा.

दुसरा सुट्या भागांचा व्यापारी. जुन्या अख्ख्या गाड्या विकणाऱ्या डीलरांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र आणि व्यवहारांच्या नोंदी बंधनकारक झाल्या. मात्र त्याच गाडीचं इंजिन वेगळं काढून विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. गाडी अख्खी विकली तर वही ठेवायची, तुकड्यांत विकली तर नको, हा भेद कशाच्या आधारावर?

तिसरा गॅरेजवाला. तो म्हणतो, गिऱ्हाइकाने इंजिन आणलं, मी बसवलं. कधी हे खरं असतं. पुष्कळदा मात्र इंजिन तोच सुचवतो, बाजारात जाऊन तोच आणतो आणि त्यावर कमिशनही तोच घेतो. शिवाय इंजिन क्रेनला टांगलेलं असताना नंबर जितका स्वच्छ दिसतो, तितका पुन्हा कधी दिसत नाही. घासलेली पट्टी, वाकडे पडलेले आकडे, दोन वेगळ्या मापांचे पंच कसबी माणसाच्या नजरेला लगेच खटकतात. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. इंजिन काढणारा आणि बसवणारा, दोघे नंबर डोळ्यांनी बघतात. म्हणून विचारायची पहिली जबाबदारी त्यांची.

चौथी विमा कंपनी. चोरीचा दावा मंजूर झाला की गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. पुढे कुणाच्या तरी गाडीत तिचं इंजिन सापडलं, तर ते सोडवून आणायचा खर्च आणि खटपट त्याच्या किमतीला परवडत नाही. त्यामुळे ज्याच्या मालकीचं ते असतं, तोच त्याचा पाठपुरावा करत नाही. टोटल लॉसचा सांगाडा कागदांसकट विकून मोकळं होणं ही याच बेफिकिरीची दुसरी बाजू आहे.

पाचवा शेवटचा गिऱ्हाईक. जप्ती झाली की त्याची गाडी मुद्देमाल होऊन ठाण्याच्या आवारात उभी राहते. अशी वाहनं तिथे कुजू न देता बंधपत्र घेऊन हक्काच्या माणसाला लवकर परत करावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलं. पण गाडी एकाची आणि आतलं इंजिन दुसऱ्याचं असेल, तर हक्काचा माणूस कोणता? इंजिन बोल्ट सोडून जसंच्या तसं वेगळं होतं, म्हणून मूळ मालकाचा हक्क गाडीत विरघळून जात नाही. परत मिळालेला सांगाडा घेऊन गिऱ्हाईक पुन्हा इंजिन शोधायला त्याच बाजारात जातो. तो अगदी निर्दोष असतोच असं नाही. बाजारभावाच्या निम्म्यात इंजिन मिळतंय आणि बिल मिळत नाहीये, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘मला काय ठाऊक’ म्हणायचा अधिकार संपायला हवा.

इतरांनी काय करून बघितलं

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने चोरांच्या आवडत्या मॉडेल्समध्ये इंजिन आणि गिअरबॉक्ससह प्रमुख भागांवर गाडीची ओळख सांगणारा क्रमांक घालणं सक्तीचं झालं. १९९२ मध्ये चोरीच्या गाड्या कापणारी दुकानं चालवणं हा पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा संघीय गुन्हा ठरला आणि गाड्यांच्या मालकीची राष्ट्रीय नोंदव्यवस्था उभारायची तरतूद झाली. २००९ पासून मोडीची आवारं आणि विमा कंपन्या आपल्याकडे आलेल्या गाड्यांची माहिती तिथे दर महिन्याला भरतात. तरीही होंडा सिव्हिकमध्ये अक्युरा इंटेग्राचं जास्त ताकदीचं इंजिन बसवायची हौस वाढली, तेव्हा इंटेग्रा गाड्या इंजिनासाठीच चोरल्या जाऊ लागल्या. कॅलिफोर्नियात इंजिन बदललेली गाडी सरकारमान्य रेफरीला दाखवावी लागते. तो बघतो प्रदूषणाचे नियम, पण निदान इंजिनावर एकदा तरी तटस्थ डोळा पडतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या भंगार कायद्याने वेगळी नस पकडली. भंगाराचे पैसे रोखीत द्यायचे नाहीत, विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासायचा आणि नोंदी तीन वर्षं सांभाळायच्या. गाड्यांचे सांगाडे घेणारेही त्यात आले. दोन्ही देशांच्या अनुभवातून एक गोष्ट दिसते: नुसता नंबर कोरून भागत नाही, तो वाचून लिहून ठेवणारा माणूस साखळीत असावा लागतो. आपल्याकडे २०१९ मध्ये गाडीच्या भागांवर मायक्रोडॉट फवारण्याच्या नियमाचा मसुदा आला होता. तंत्र चांगलंच आहे, पण बोनेटखालचा मोठा ठसठशीत नंबर जिथे कुणी वाचत नाही, तिथे सूक्ष्मदर्शकाने दिसणारे ठिपके कोण वाचणार?

सुरुवात कुठून

नवा कायदा करायच्या आधी हातातलं वापरता येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ व्यवस्थेत चोरीच्या गाड्या इंजिन नंबरावरूनही ताडता येतात आणि ही सोय नागरिकांनाही खुली आहे. इंजिन घेण्याआधी ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, एवढं मागावं. विक्रेता कुरकुरला तर उत्तर मिळालं असं समजावं.

पुढचं काम सरकारचं. सुट्या इंजिनाच्या व्यापाऱ्याला जुन्या गाड्यांच्या डीलरसारखंच अधिकारपत्र आणि नोंदवही लावावी. स्क्रॅपिंग केंद्रातून किंवा विम्याच्या लिलावातून निघालेल्या चालू इंजिनाला ‘वाहन’ प्रणालीतच वेगळी नोंद द्यावी, म्हणजे ते कागदासकट बाजारात येईल. आणि वर्षानुवर्षं बिननोंदीची चाललेली इंजिनं चोरीच्या नोंदींशी ताडून, दंड न लावता आरसीवर चढवायला एक ठरावीक मुदत द्यावी. सरळ लोक गर्दीतून बाजूला झाले की उरलेले आपोआप उठून दिसतील.

यावर धंद्यातल्या लोकांचा आक्षेप ठरलेला आहे: कागद आले की माल महागेल. महागेल हे खरं. आजच्या स्वस्ताईत कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या गाडीचा वाटा मिसळलेला असतो आणि तो भाव उरलेले सगळे विम्याच्या हप्त्यातून भरत असतात. शिवाय पहिल्या पायरीला खर्चही नाही. इंजिन बसवताना जॉब कार्डावर जुना नंबर, नवा नंबर आणि दोन्हींचे फोटो, एवढं प्रत्येक गॅरेजला सक्तीचं करावं. उद्या खटला उभा राहिला तर ‘माहीत नव्हतं’ आणि ‘बघितलंच नाही’ यांतला फरक या एका कागदावर ठरेल. ज्याने नंबर लिहून ठेवला, ताडून बघितला, त्याचं संरक्षण कायद्याने करावं. ज्याने लिहिलाच नाही, त्याला अज्ञानाचा फायदा देऊ नये.